गुरुजींचा डावा तळहात

आमच्या गुरुजींचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. खोटं कशाला बोलू? नाक लांब होतं, टोपी पांढरी होती, एवढंच. पण त्यांचा डावा तळहात विचाराल तर आजही कागदावर काढून देईन. मधोमध पिवळट, अंगठ्याच्या बुडाशी चुन्यानं उललेला, करंगळीखाली एक गोल घट्टा. बारा-पंधरा वर्षं रोज आठ-दहा वेळा त्या हातावर तंबाखू मळली गेली होती.

त्यांचा एक नियम होता, एकट्यानं तंबाखू खायची नाही. चंचीतून चिमूट काढायची, नखावर चुना घ्यायचा, अंगठ्यानं रगड रगड रगडायची, दोन टाळ्या मारून धूळ उडवायची आणि हात समोरच्यापुढं करायचा. त्यानं चिमूट उचलली की उरलेली आपल्या खालच्या ओठात. समोर कोणी नसलं तर गुरुजी माणूस शोधायला निघायचे. एकदा मधल्या सुटीत मळलेली तंबाखू मुठीत धरून ते शाळेपासून थेट एसटीच्या फाट्यापर्यंत गेले. तिथं कोणी परगावचा माणूस बसची वाट पाहत उभा होता. त्याला चिमूट दिली, आपण घेतली आणि इतिहासाच्या तासाला धापा टाकत परत आले.

"हातावर खोटं नसते, मास्तर," असं वर मलाच ऐकवायचे. म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं.

मी त्या शाळेवर रुजू झालो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सत्तर साल उलटून गेलं होतं. किन्हीराजाच्या पलीकडं दोन-तीन कोसांवरचं गाव, चौथीपर्यंतची शाळा आणि मास्तर दोन, एक गुरुजी आणि एक मी. पहिल्याच दिवशी त्यांनी लिंबाखाली तंबाखू मळली आणि हात माझ्यापुढं केला.

"मी खात नाही," मी म्हणालो. मोठ्या ऐटीत म्हणालो, ते सांगून टाकतो. नवा नवा मास्तर होतो.

"खात नाई, का घेत नाई?" गुरुजींनी विचारलं.

"दोन्ही एकच ना?"

त्यांनी हातावरची सगळी तंबाखू लिंबाच्या बुडाशी झाडून टाकली. स्वतःही खाल्ली नाही. पुढं चार दिवस ते माझ्याशी हजेरीपटापुरतं बोलले. मला वाटलं, काय विक्षिप्त माणूस आहे बाप्पा! तंबाखू नाही घेतली तर एवढा राग?

पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "मास्तर, बस इथं," म्हणाले. "माह्या बापाची गोष्ट सांगतो. बाप पाटलाच्या वावरात राबे. पाटलाले तल्लफ आली का पाटील मळे अन् बापाच्या हातावर वरून टाके. बापाजवळ चांगली तंबाखू असली तरी बापानं मळून कोनाले देली नाई. देली असती तर घेतली कोनं असती? मंग छपन्न साली आमी धम्म घेतला. मी शिकलो, नोकरीले लागलो, या गावात आलो. पयल्या दिवशी पारावर बसून मळली अन् हात सरळ इथल्या पाटलापुढं केला. सारा पार चूप! त्या दिवशी पाटलाची चंची घरी राह्यली होती. पाटलानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. तल्लफ काही थांबू देईना. उचलली चिमूट! तवापासून हा हात चालू हाय."

मी खाली मान घालून म्हणालो, "आणा गुरुजी."

चिमूट घेतली आणि दुसऱ्या मिनिटाला शाळा माझ्याभोवती फिरू लागली. फळा कुठं, पोरं कुठं, काही कळेना. लिंबाखाली भडाभडा ओकलो. गुरुजी माझ्याच टोपीनं मला वारा घालत होते आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू घरात पोरगं पास झालं. "आता तू आमचा झाला," म्हणाले. "उद्यापासून नुसती उचलत जा अन् खिशात टाकत जा. खायची काई गरज नाई."

मी तेच केलं. माझ्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे पिवळे झाले.

त्या खिशांमुळंच आमची माय या गोष्टीत आली. मंगरूळपीरचं घर भावाकडं सोपवून ती माझ्याकडं राहायला आली होती. कपडे धुताना तिला खिशात तंबाखू सापडली. मला वाटलं, आता आपली काही खैर नाही. तर ती म्हणाली, "एवढी झकास पानतंबाखू अन् चुना लावून नासवली कोनं रे?"

माय मिश्री लावायची. दर आठवड्याला तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची आणि एका डब्यात भरून ठेवायची. जाळायच्या दिवशी अख्खी गल्ली खोकायची आणि ही मजेत. मिश्रीनं दात मजबूत राहतात, असं तिचं ठाम मत. तिच्या तोंडात तेव्हा चार दात उरले होते आणि चारही हलत होते.

गुरुजींना हे कळल्यावर ते मायसाठी बिनचुन्याचं चांगलं पान आणू लागले. रोज दिवस कलायच्या सुमारास आमच्या ओसरीवर यायचे. माय आत चौकटीला टेकून बसायची, हे बाहेर खांबाला टेकून. मग कोणतं पान कडक, कोणतं नरम, कोणाच्या वावरातलं, यावर दोघांचं जे काही चालायचं! मायनं माझ्याशी कधी इतक्या गप्पा मारल्या नाहीत.

माय जुन्या वळणाची होती. गुरुजींच्या हातावरचं पान ती उचलून घ्यायची. "वाळल्या पानाले काय इटाळ?" असं म्हणायची. "अन् मी तर ते जाळतो." पण आमच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा पडलेला असायचा. तो कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी गुरुजींची नजर त्या कपाकडं गेली. मायनं चहाचं विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मले चहा चालत नाई, माय. पित्त होते."

फाट्यावरच्या हॉटेलातून शाळेत किटली यायची. तिच्यातला अर्ध्याहून जास्त चहा एकटे गुरुजी प्यायचे. हे मला ठाऊक होतं. तरी रोज संध्याकाळी मी त्या दोघांच्या मधे बसून माझा चहा प्यायचो आणि गप्प राहायचो. आज आठवलं की लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

असं दोन वर्षं मजेत चाललं होतं. मग एक दिवस पोरांची तपासणी करायला वाशिमहून डॉक्टर आले. तरुण, काडीसारखे, हातात बॅटरी. पोट्टे तोंड उघडेनात. पहिलीतलं एक तर बाकाखाली शिरलं.

"भेता काय बे?" गुरुजी पुढं झाले. "पाहा माह्याकडं. असा आ कराचा. आ!"

डॉक्टरांनी हसत हसत बॅटरी गुरुजींच्या तोंडात मारली. आणि मग ते हसायचे थांबले. बोटानं त्यांनी खालचा ओठ ओढला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मागं सगळे पोट्टे एका सुरात "आ" करून उभे.

"इथं दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई बाप्पा, जराबी नाई."

"दुखत नाही म्हणून तर माणसं उशिरा येतात." त्यांनी गुरुजींना खिडकीशी नेलं. आवाज खाली केला, तरी मला ऐकू आलं. ओठाच्या आत पांढरा चट्टा होता. तंबाखू आजपासून बंद. सहा आठवड्यांनी वाशिमला दाखवायचं. गेला तर गेला, नाही गेला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. कशासाठी, ते डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं. त्या काळी कॅन्सर हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी शाळेच्या पायरीवर दाढीचा गोल आरसा घेऊन बसले होते. ओठ उलटा केलेला. मला म्हणाले, "मास्तर, तो भिंतीवरचा नकाशा आन."

आमच्या शाळेत अकोला जिल्ह्याचा एक मळका नकाशा होता. गुरुजींनी आरशात पाहिलं, नकाशात पाहिलं आणि निकाल दिला, "वाशिम तालुका. थेट तसाच. इकडं असा फुगलेला, तिकडं निमुळता." त्यानंतर रोज प्रार्थनेआधी हा कार्यक्रम. माणूस मरणाला भ्यायलेला, पण भीतीचासुद्धा भूगोल शिकवायचा.

आता सरळ तंबाखू सोडावी की नाही? पण गुरुजींनी नवीनच वकिली काढली. "डॉक्टरनं खाऊ नको म्हटलं. लावू नको म्हटलं काय?" आणि मायच्या डब्यातली मिश्री लावू लागले. मायला कोण आनंद! "तरी मी म्हनो, मिसरी औषधी असते." पंधरा दिवसांनी आरशात पाहिलं तर वाशिमला मंगरूळपीर जोडला गेला होता.

मग तपकीर. "नाकाचा अन् ओठाचा काय संबंध?" वर्गात पाढे सुरू झाले की गुरुजी शिंकायचे, आणि त्यांच्या बोटांवरून उडालेल्या तपकिरीनं पुढची रांग शिंकायची. बाराचा पाढा त्या वर्षी कोणाचाच पुरा झाला नाही. तपकिरीनंतर शिरपूरच्या स्टँडवरून जर्द्याची पानं यायला लागली. पानात गुंडाळली की तंबाखूचा दोष जातो, असं त्यांना तिथल्या पानवाल्यानं सांगितलं होतं. पानवाला दुसरं काय सांगेल?

सहा आठवड्यांनी मी त्यांच्याबरोबर वाशिमला गेलो. डॉक्टरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गुरुजींनी मिश्रीपासून जर्द्यापर्यंत सगळं खरं खरं सांगून टाकलं. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, तो चहा सोडून.

"गुरुजी, तुम्ही शिकवणारी माणसं!" डॉक्टर चिडून म्हणाले. "चोर पुढच्या दारानं आला काय अन् मागच्या दारानं आला काय, घर तुमचंच ना? चुन्यात मळा, तव्यावर जाळा, नाकात कोंबा, विड्यात घाला. पान तेच आहे! आणखी सहा आठवडे देतो. हे शेवटचे."

बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. जबड्याला पंचा बांधलेला, अर्धा चेहरा आत बसलेला. त्याला बोलता येत नव्हतं. पण त्याचा उजवा अंगठा डाव्या रिकाम्या तळहातावर आपोआप फिरत होता. रगड, रगड, रगड. गुरुजी त्याच्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. बसची वेळ झाली म्हणून मी हाताला धरून नेलं.

परतीच्या गाडीत मालेगाव येईपर्यंत ते खालचा ओठ चाचपत बसले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तंबाखू सुटन रे, मास्तर. त्याचं काई नाई. हे पाहून कोनाचीबी सुटन. पन हाताचं काय करू? उद्या रिकामा हात लोकायपुढं केला तर कोन हात लावन त्याले?"

त्यांचा तो तळहात मांडीवर उताणा पडला होता.

तंबाखू त्यांनी त्या दिवसापासून खरंच सोडली. फार हाल झाले. पोट साफ होईना, झोप लागेना, पोरांवर खेकसायचे आणि मग त्यांनाच गूळ वाटायचे. पण आरशात फरक पडायला लागला. मंगरूळपीर सुटला. वाशिमची एक बाजू झिजली. एका सकाळी ते नाचतच आले. "मास्तर, तालुका गेला! आता निस्तं किन्हीराजा राह्यलं!"

आणि त्याच आठवड्यात त्यांनी हातावर नवीन गोष्ट आणली. घरच्या बाईंनी चुलीवर भाजलेले जवस, थोडे तीळ, ओवा, वर मीठ. चंची तीच. हातावर घ्यायचं, सवयीनं अंगठा फिरवायचा, फुंकर मारायची आणि हात पुढं. मी पहिला. चव झकास होती. मी मूठभर मागितलं तर म्हणाले, "तू तर पयलेच आमचा हायस. तुह्यं काय मोजाचं? चाल पारावर."

पारावर पाटील बसले होते. आता बरेच थकले होते. गुरुजींनी हात पुढं केला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पाटलांची बोटं लगेच आली. जवसाला टेकायच्या आत थांबली.

"हे काय आनलं गुर्जी?"

"जवस हाय पाटील. घरीच भाजले. मीठ-ओवा लावून."

पाटलांची बोटं हळूच मागं गेली. "आज एकादशी हाय," ते म्हणाले.

सकाळीच मी फळ्यावर तिथी लिहिली होती. पंचमी होती.

मग दुसऱ्याचे दात दुखत होते. तिसरा आत्ताच जेवून आला होता. एकानं घेतले, पण हळूच खिशात टाकले. तो खिसा मी ओळखत होतो. तंबाखू ओठात धरायची, थुंकायची. ती पोटात जात नाही. पण मीठ लावून चुलीवर भाजलेलं म्हणजे अन्न. बारा-पंधरा वर्षं गावानं गुरुजींच्या हातावरचं उचललं होतं, ते तल्लफेपायी. गुरुजी ते समजले. माझ्याही आधी समजले. त्यांनी मूठ मिटली.

तो चट्टा नंतर पुरता नाहीसा झाला, हे इथंच सांगून टाकतो. उगाच जीव टांगणीला लावत नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारली, ओठ उलटा-सुलटा केला आणि तुकडा काढायची गरज नाही म्हणाले. दर सहा महिन्यांनी दाखवत जा, एवढंच. मायनंही मिश्री सोडली. तीन वेळा सोडली. तिसऱ्यांदा सुटली ती कायमची. पण हे सगळं नंतरचं. पारावरून आम्ही उठलो त्या संध्याकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गुरुजी नेहमीसारखे आमच्या ओसरीवर आले. खांबाला टेकले. डावी मूठ अजून मिटलेलीच.

"माय," ते म्हणाले, "तुमच्या डब्यात जाळाच्या आधीची तंबाखू असन ना? एक चिमूट द्या. चुना माह्याजवळ हाय."

मी ओरडलोच. "गुरुजी, किन्हीराजा राह्यलं फक्त!"

"राहू दे," ते म्हणाले. "मंग वाशिमचा पुरा तालुका होऊ दे. मले काई फरक पडत नाई."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला पारावरची सगळी हकीकत सांगितली. पाटलाची एकादशी सांगितली, दात सांगितले, खिसा सांगितला. हे सांगताना मी तिच्याशी नजर मिळवली नाही, कारण आपला कोनाडा कुठं आहे ते मला माहीत होतं. सगळं ऐकून झाल्यावर ती चौकटीवरून उठली. मला वाटलं, तंबाखूचा डबा आणायला आत जाते. ती बाहेर आली. ओसरीवर गुरुजींच्या समोर बसली.

"काय हाय मुठीत? पाहू."

"काई नाई माय. जवस हायेत."

"मंग मूठ कायले झाकून राह्यले? उघडा."

गुरुजींनी मूठ उघडली. घामानं जवस हाताला चिकटले होते. मायनं चिमूट उचलली. क्षणभर तिची बोटं हवेत थांबली, हे मी पाहिलं, गुरुजींनीही पाहिलं असणार. मग तिनं ती तोंडात टाकली आणि आपल्या चार दातांनी चावू लागली. फार वेळ लागला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं पाहत बसलो.

घास गिळून ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

गुरुजींचा हात तसाच पुढं राहिला.

"तुमच्या बाईले सांगा, जवस असे कोरडे नाई भाजाचे. मिठाच्या पान्याचा हात लावाचा अन् मंग भाजाचे. नाईतर तिलेच धाडून द्या उद्या, मी दाखवतो." असं म्हणत तिनं दुसरी चिमूट उचलली. "आता चहा टाकतो. पित्ताचं मले सांगू नका. शाळेत किटली रिचवता, मले सारं माईत हाय."

ती आत गेली. कोनाड्याकडं तिनं पाहिलंही नाही. आमच्या रोजच्या कपांतला एक भरून आणला आणि गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही. एक मोठा भुरका मारला, मान हलवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात तक्रार केली.

"माय," ते म्हणाले, "साखर लय झाली."